चोर बोंबलाच्या पोटातला राणी मासा: तळाशी खाल्लेला की जाळ्यात?

वहीवाली_बाई: मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते. चोर बोंबील हा शिकारी मासा काय खातो ते बघायला डिसेंबरपासून मिरकरवाडा बंदरावरून आणलेल्या प्रत्येकाचं पोट उघडून वहीत नोंद करते. आतापर्यंत ३१ झाले. १७ पोटं रिकामी, ६ मध्ये पांढरा लगदा, ५ मध्ये राणी मासा, २ मध्ये बळा माशाचे तुकडे आणि एका मोठ्या मादीत चोर बोंबलाचंच पिल्लू! ते बघून सुरी बाजूला ठेवून बसले जरा वेळ.

अडलंय ते असं: दोन राण्या इतक्या ताज्या होत्या की अंगावरची गुलाबी झाक तशीच होती. या समुद्राच्या तळाशी खाल्लेल्या मानायच्या का? आणि एवढी पोटं रिकामी कशी?

ट्रॉलरवाला: बाई, जाळं दोन-तीन तास ओढतो आम्ही. टोकाच्या पिशवीत सगळी मासळी एकमेकांवर दाबलेली. चोर बोंबील तिथेही तोंड मारतो. अर्धी मांदेली तोंडात धरून वर आलेले मी पाहिलेत. काही ओकतात पण.

मत्स्य_विद्यार्थी: दादांचं बरोबर आहे. त्या दोन राण्या वेगळ्या लिहा, हिशोबात धरू नका. कातडी विरघळायला लागलेलं भक्ष्य तेवढं मोजा.

रिकाम्या पोटांचं मात्र सगळंच ओकण्यावर ढकलू नका, ताई. हा मासा पाठलाग करत हिंडत नाही. वाळूत अंग पुरून, डोळे वर ठेवून बसतो आणि जवळून गेलेल्यावर झडप घालतो. जिभेवरसुद्धा दात आहेत, बोट लावून बघा. एकदा मोठा घास मिळाला की तो अख्खा गिळायचा आणि पुन्हा दबा धरायचा. बोंबील याच्याच कुळातला, पण त्याच्या पोटात जवळा जास्त सापडतो.

लगदा टाकू नका, चाळणीत धुवा. मांस विरघळलं तरी गिळलेल्या माशाच्या कानातले खडे बराच वेळ टिकतात. ढोमा माशाचा खडा जाड असतो, सहज कळतो.

वहीवाली_बाई: फ्रीजरमधला लगदा काल चहाच्या गाळणीत धुतला. एकात दोन खडे मिळाले, जाड, तांदळाच्या दाण्याहून मोठे. ढोमाच असावा. बाजारातून ढोमा आणून त्याचे खडे शेजारी ठेवून बघणार आहे. त्या दोन राण्या वहीत वेगळ्या पानावर नेल्या.

दादा, गळाला लागलेले चोर बोंबील मिळतील का? तिथे जाळ्यातल्या गर्दीचा प्रश्नच नाही. फक्त पोट काढू नका, आणि किती वाजता लागले तेवढं सांगा.