जुन्या लॅपटॉपवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात? साफ चूक

पाषाणकर
'दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर रुपयाही घालू नका, हप्त्यावर नवा घ्या,' असं काल एकाने लिहिलं. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाचीसाठी थिंकपॅड टी४३० घेतला, २०१२च्या पिढीतला. पुण्याच्या तपकीर गल्लीत, सात हजारांना. चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. या मॉडेलमध्ये एक स्क्रू काढला की डिस्क बाजूने सरकून बाहेर येते. तिथे एसएसडी, म्हणजे जुनीपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क घातली, रॅम चार जीबीची आठ केली, पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरला उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. वर साडेतीन हजार गेले. त्यावर तिचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चाललंय. साडेदहा हजारांत नवा कुठला येतो ते दाखवा. आणि कितीतरी नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. ती गेली की बोर्डालाच हात घालावा लागतो.

ठाण्याचा_मी
ते मीच लिहिलं होतं. तुमचा चालला म्हणून सगळ्यांचा चालेल? मी घेतलेला तिसऱ्या महिन्यात बंद पडला. दुकानदार म्हणे, 'बोर्ड गेलाय, टेस्टिंग वॉरंटी सातच दिवसांची.' पैसे मुलाच्या क्लासच्या फीमधून काढले होते. शिवाय विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. विंडोज ११ला इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी लागते, तुमची तिसरी. तिच्यावर बँकेचे व्यवहार करायचे?

पाषाणकर
विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलंय, ती मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सगळे अपडेट येतात.

सांगलीची_डीटीपीवाली
'लिनक्स टाका' म्हणणाऱ्यांनी आमच्यासारख्यांच्या पोटाचा विचार केलाय का? वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, सगळं जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये, म्हणजे तो फाँट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. सॉफ्टवेअर विंडोजचं, तेही डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेली. मी मराठी कुठे टाइप करू?

इनस्क्रिप्टप्रेमी
ताई, लिनक्समध्ये मराठीचे कीबोर्ड आहेत: इनस्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारं गमभनसुद्धा आहे. खरा घोळ तुमच्या फाँटचा. युनिकोड येऊन किती वर्षं झाली! तुमच्यासारख्यांमुळेच जुने मराठी अंक आज नेटवर शोधायला गेलं तर सापडत नाहीत.

सांगलीची_डीटीपीवाली
'तुमच्यासारख्यांमुळे' म्हणजे? छापखान्याने जो फाँट मागितला त्यात मी रात्री जागून काम दिलं. फायली युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या तर रफार दुसऱ्याच अक्षरावर, पहिली वेलांटी भलतीकडे. ३०० पानांची स्मरणिका ओळ न् ओळ तपासली मी, महिना गेला. त्याचे पैसे कुणी दिले?

इनस्क्रिप्टप्रेमी
शब्द चुकला, मागे घेतो. पण नव्या कामाला तरी युनिकोड वापरा.

सांगलीची_डीटीपीवाली
नवं काम युनिकोडमध्येच करते. विचारायचं तरी आधी!

नाशिकचा_मेकॅनिक
रिपेअरिंग हा माझा धंदा आहे, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. ठाण्याच्या साहेबांना दुकानदाराने सात दिवसांत गुंडाळलं, ते चूकच. पण घेतानाच बिजागरी हलवून बघायची, अर्धा तास व्हिडिओ चालवून तापतो का ते बघायचं, चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते बघायचं. डुप्लिकेट बॅटरी तर घेऊच नका, माझ्याकडे फुगून टचपॅड वर उचललेले लॅपटॉप येतात. ताईंसारखं विंडोजचं काम असेल तर थिंकपॅडचाच टी४८० शोधा. बहुतेकांत आठवी पिढी आहे, त्यांवर विंडोज ११ चालतं, रॅमचे दोन स्लॉट, दोन्ही बदलता येतात.

ठाण्याचा_मी
टी४८० सात हजारांत मिळत नाही.

नाशिकचा_मेकॅनिक
नाही मिळत. पण नव्याच्या हप्त्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

ठाण्याचा_मी
बरं. 'रुपयाही घालू नका' हे मी रागात लिहिलं, तेवढं मागे. पण निदान तीन महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून मिळाल्याशिवाय मी जुना घेणार नाही, आणि पाषाणकर, भाचीच्या लॅपटॉपचं बिल तुमच्याकडे आहे का?

पाषाणकर
नाही. बिल घेतलं नव्हतं.