आई सांगलीत एकटी, गळ्यातलं अलार्मचं बटण कोणतं घ्यावं?

गावभागकर:
नमस्कार मंडळी. मी बेंगळुरूत, आई सांगलीला गावभागात जुन्या वाड्यात एकटी. वय 76, बीपी आणि गुडघे. मध्यंतरी मोरीत घसरली आणि कामवाल्या मावशी येईपर्यंत तशीच पडून होती. दाबलं की फोन लागतो असं बटण घ्यायचंय. घरी आता फायबर आहे. वायफायचं घ्यावं की सिमचं? पैशाचं बघून घेईन, वेळेला वाजलं पाहिजे.

मिरज_बायोमेड:
दादा, मी मिरजेत दवाखान्यांचे मॉनिटर दुरुस्त करतो, घरोघरी अशी बटणंही बसवतो. सिमचंच घ्या. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्ट यायचे, घरची लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरचा मोडेम घरच्या विजेवर. लाइट गेली की बटण मुकं. इंग्लंडात लाखो म्हाताऱ्या माणसांचे अलार्म तांब्याच्या तारांवर आहेत, म्हणून त्या लाइनी बंद करायची 2025 ची मुदत जानेवारी 2027 वर न्यावी लागली.

सिमचीही एक मेख आहे. स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त 2जी वर चालतात आणि जिओकडे 2जी नाहीच. 4जी व्होल्टीचं, म्हणजे 4जी वरूनच बोलणं होईल असं घ्या. कुठल्या कंपनीचं सिम घालायचं ते मोरीत उभं राहून ठरवा. वाड्याच्या जाड भिंतीत सोप्यात रेंज फुल आणि मोरीत शून्य, हे मी नेहमी बघतो. यंत्रावर आयपी67 लिहिलेलं असू दे, म्हणजे अंघोळीलाही काढायला नको.

पडल्यावर आपोआप लागतो म्हणतात, त्यावर भिस्त ठेवू नका. सेन्सरला जोराचा धक्का आणि त्यानंतरची निश्चलता कळते. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेलं माणूस कित्येकदा निसटतं. आणि सेन्सर फार तिखट ठेवला तर भांडं आपटलं तरी फोन जाईल. आयसीयूत रोज बघतो, उगाच वाजणाऱ्या अलार्मकडे पुढं कुणी मान वळवत नाही. आईंना हातानं दाबायची सवय लावा, महिन्यातून एकदा दाबून बघायला सांगा.

सातारची_लेक:
दादा, यादीत पहिला नंबर स्वतःचा घालू नका. 108 जिथून लावाल त्या राज्यात लागतो, बेंगळुरूतून लावलात तर कर्नाटकात. पहिला नंबर शेजारच्यांचा, त्यांच्याकडेच किल्ली, 108 त्यांनीच लावायचा. आणि दाराला आतून कडी असते का ते बघा. कडी असेल तर किल्लीचा काय उपयोग? आम्ही कडी काढून लॅच बसवलं, मोरीच्या दारालासुद्धा बाहेरून उघडेल असं. बाबा बटण रात्री खुंटीला टांगायचे, आणि रात्रीच तर उठावं लागतं. आता चार्जिंग सकाळी पेपर वाचताना, शेजारी बसून.

गावभागकर:
ताई, कडीचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे तर रात्री अडसर घालतात! सुताराला आजच फोन करतो. बायोमेड दादा, शनिवारी मी सांगलीत आहे. घरी याल का?

मिरज_बायोमेड:
येतो. तिन्ही-चारी कंपन्यांची सिम घेऊन येतो, मोरीत लावून बघू. शेजारच्यांनाही त्या वेळी बोलावून ठेवा.