गुरू, पगारी मास्तर आणि तांदळाचा काटा

ओंकार_वाईकर: गुरुकुलात गुरू शिष्याला घरात ठेवून घ्यायचा, त्याला घडवायचा. आता शिक्षक पगारी नोकर झाला, घंटा झाली की सुटला. मान उरला नाही तो त्यामुळेच.

माणदेशी_बाई: घंटा झाली की सुटला? अहो, आमची शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग दोघींत. काल परिपाठ झाल्या झाल्या तांदूळ तोलायला बसले, पोरामागे 100 ग्रॅम. मग खिचडी चाखून चव नोंदवहीत सही. तेवढ्यात केंद्रशाळेतून फोन, माहिती आत्ता भरा. शाळेत नेटची रेंज नाही, टाकीच्या चढावर जाऊन मोबाइल धरला. तिसरीची पोरं हातच्याची वजाबाकी अर्धी टाकून बसलेली. शाळा सुटल्यावर बीएलओ म्हणून मतदार याद्यांसाठी दारोदार. आणि तुमच्या गुरुकुलात माझ्या आजीला घेतलं असतं का? 1848 नंतरही सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले.

ओंकार_वाईकर: आलं का तेच! छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाला गोत्र माहीत नव्हतं, तरी हारिद्रुमत गौतमांनी घेतलाच ना? माझे वडील वेदपाठशाळेत शिकले. ताप चढला तेव्हा गुरुपत्नी रात्रभर उशाशी होत्या. हे कुठल्या पगारात बसतं?

निवृत्त_हेडमास्तर: छांदोग्यातलं पुढचं वाक्यही सांगा. 'अब्राह्मण असं खरं बोलू शकणार नाही' म्हणून घेतलं त्याला. आणि पोटासाठी शिकवणाऱ्याला मनुस्मृतीतच उपाध्याय हे नाव आहे. पगारी मास्तर आजचा नाही.

पालक_सोलापूर: तांदूळ नि मतदार याद्या ऐकून कान किटले. माझी मुलगी चौथीत आहे, जोडाक्षर आलं की अडते. त्याला जबाबदार कोण?

माणदेशी_बाई: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 वाचा. जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. त्यातल्या 'निवडणूक' या एका शब्दावर वर्षभर याद्या करून घेतात! पोरांचे तास त्यात जातात.

निवृत्त_हेडमास्तर: खिचडीला मात्र नावं ठेवू नका. सकाळी उपाशी आलेलं पोर मी पाढे म्हणताना भोवळ येऊन पडलेलं पाहिलंय. तोलायला वेगळा माणूस द्या, एवढंच मागा.

माणदेशी_बाई: खिचडी बंद करा कोण म्हणतंय? मी काट्याबद्दल बोलतेय.

ओंकार_वाईकर: बरं, घंटेचं वाक्य मागे घेतो. गुरुपत्नींचं नाही घेणार.

माणदेशी_बाई: नका घेऊ. सोलापूरच्या ताई, माझ्याकडेही तिघं जोडाक्षराला अडतात, ते माझ्यावरच आहे. शाळा सुटल्यावर अर्धा तास घेऊन बसते. बीएलओचं काम असलं की तेही राहतं.