नातवंड पाहायला बडोद्यास आलेले आजी-आजोबा: आपले अनुभव लिहा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत अजून बऱ्यापैकी टिकून आहे, तरी नोकरीमुळे राहत्या गावीच बाळंत होणाऱ्या मुली आता पुष्कळ दिसतात. अशा घरी दोन्हीकडचे आजी-आजोबा पाहुणे म्हणूनच येतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात आलेली आजी माजघरात सामावून जात असे; गोत्रीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिचे अंथरूण कुठे घालायचे, इथपासून प्रश्न सुरू होतो. म्हणून या धाग्यात त्या भेटीविषयी लिहावे: केव्हा आलात, काय आणलेत, कोणते काम हाती घेतलेत आणि कशावरून खटके उडाले. औषधांच्या कृती कृपया देऊ नयेत, घडलेले लिहावे.

सांगलीहून मांजलपूरला आलेली आजी

मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारी, आणि विहीणबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, त्यामुळे स्वयंपाकघर सर्वस्वी माझ्याकडे आले. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू मी घरूनच करून आणले होते, परंतु सुनेला गोड नकोसे झाले होते. मग बाजरीची भाकरी, लसूण घातलेली शेपूची भाजी आणि वर तुपाची धार हे तिला मनापासून आवडले. शेजारच्या बेन बाजरीच्या पिठाची, गूळ, सुंठ आणि गंठोडा घातलेली राब रोज सकाळी पाठवीत. गंठोडा म्हणजे आपले पिंपळमूळ, आणि बाळंतिणीला ते आपल्याकडेही देतात, तेव्हा त्या वाटीवरून आमची मैत्री लगेच जमली.

खटका उडाला तो बाळगुटीवरून. सहाण, जायफळ, मुरडशेंग, वेखंड असे सगळे मी पिशवीत नीट बांधून आणले होते. सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही, असे डॉक्टरांनी बजावल्याचे सुनेने सांगितले, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातून तान्ह्या मुलांना क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मला राग आला, हे खरे आहे. माझी दोन्ही मुले गुटीवर वाढली आहेत. तरी दूध पाजणार ती आणि रात्री जागणार ती, त्यामुळे शब्दही तिचाच चालायला हवा, असे माझे मत आहे. ती सहाण मी नंतर बदाम उगाळायला वापरली, पण ते बदाम बाळंतिणीच्या दुधात पडले.

कारेलीबागेतील एक आई

सासूबाई येण्याच्या आदल्या दिवशी फोनवर बोलताना खोकत होत्या. मोठ्या माणसाचा साधा वाटणारा खोकला कधी डांग्या खोकला असू शकतो, आणि बाळाची स्वतःची त्यावरची पहिली लस सहाव्या आठवड्यात असते, हे आम्हाला बालरोगतज्ज्ञांनी आधीच समजावले होते. नवऱ्यानेच आईला खोकला थांबेपर्यंत येणे पुढे ढकलण्याची विनंती केली. हे बोलणे मुलानेच करावे, सुनेने करू नये. बारसे त्यांच्यावाचून झाले आणि नातेवाइकांत चार शब्द निघाले, परंतु त्या बऱ्या होऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेऊन आल्या तेव्हा निवांत राहिल्या. पाहुण्यांची वर्दळ तोवर संपली होती आणि मला खरी मदत त्याच वेळी हवी होती.

नाशिकचे एक आजोबा

आमची नात दिवस पुरे भरण्याआधीच जन्मली आणि तिचे वजन 1.8 किलो भरले. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे धरतात. आम्ही उभयता बडोद्यास पोहोचलो ते थेट रुग्णालयात, आणि काचेपलीकडून पाहण्याची मनाची तयारी करूनच. तिथल्या परिचारिकेने मात्र मला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, सदऱ्याची बटणे सोडायला सांगितली आणि टोपी, मोजे व लंगोट एवढेच घातलेली ती मुलगी माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली. तिची मान एका बाजूला वळवून, नाक मोकळे राहील अशी, आणि पाय बेडकासारखे दुमडून वरून कापडाने बांधले. याला कांगारू पद्धत म्हणतात. ती 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, जिथे उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. आता जागतिक आरोग्य संघटनाही अशा बाळांसाठी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे 8 ते 24 तास हीच ऊब द्यावी, अशी शिफारस करते. एवढे तास एकट्या आईकडून होणे शक्य नाही, म्हणून वडील, आजी, आजोबा यांनी पाळ्या लावायच्या.

माझी पाळी दुपारची, सुनेच्या झोपेच्या वेळी असे. आरामखुर्चीत मागे रेलून बसायचे, फोन बंद ठेवायचा आणि बाळाच्या श्वासाकडे लक्ष द्यायचे, एवढेच काम. रामरक्षा म्हणून झाली की मी पावकी आणि निमकीचे पाढे हळू आवाजात म्हणत असे, कारण तोंडपाठ असे दुसरे काही माझ्याकडे नव्हते. आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केल्यावर हा उपयोग निघेल, असे वाटले नव्हते. सौभाग्यवतींना छातीशी बाळ घेण्याचा संकोच वाटला, तेव्हा डबा, कपडे आणि पाहुण्यांना दाराशीच थोपवण्याचे काम त्यांनी घेतले, आणि ते त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी चोख केले.

मराठी आई, गुजराती वडील

आमच्याकडे दोन आज्या एकाच आठवड्यात आल्या. सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवून दिवा लावायचा, म्हणजे बाळाचे नशीब लिहिले जाते, ही समजूत आपल्या सटवाईच्या पूजेत आहे आणि त्यांच्या छठ्ठीतही. दोघींनी आपापले कागद आणले होते. शेवटी पाटावर दोन्ही ठेवले. बारशाला आत्यानेच नाव ठेवायचे, यावरही वाद नव्हता, कारण फोईचा मान त्यांच्यातही तोच आहे.

अडचण आली घोडियाची, म्हणजे चौकटीला टांगलेल्या कापडी झोळीच्या गुजराती पाळण्याची. सासूबाईंनी संखेड्याचे लाखकाम केलेले सुंदर घोडिये आणवले होते, तर माझ्या आईला सपाट लाकडी पाळणा हवा होता. झोळीत बाळाची हनुवटी छातीकडे झुकू शकते, म्हणून झोपताना त्याला सपाट जागी उताणेच निजवावे, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. तेव्हापासून घोडिये दिवसा, कोणी समोर बसलेले असतानाच, हालरडे, म्हणजे अंगाईगीत, म्हणण्यापुरते वापरले जाते. आई जिंकली, पण दोरी ओढायला तीच सर्वांत आधी बसते.

अकोट्याहून, थोडक्यात

आमच्या घरी पणजीबाई आल्या होत्या. पणतूचे मुख पाहिले म्हणून त्यांच्यावर सोन्याची फुले उधळली. ती वेचताना एक सोफ्याखाली गेले. ते शोधण्यात निम्मा कार्यक्रम गेला आणि पणजीबाई तेवढ्यात बसल्या जागी झोपल्या.

मुंबईचे एक आजोबा

दुसऱ्या नातवंडाच्या वेळी सगळे बाळाकडे धावतात आणि थोरले दारात उभे राहते. आमची थोरली नात चार वर्षांची आहे. मी पहिल्या दिवसापासून तिचा ताबा घेतला. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये उभारलेल्या कमाटी बागेत आम्ही संध्याकाळी जात असू, आणि तिथल्या संग्रहालयातील निळ्या देवमाशाचा सांगाडा तिला इतका आवडला की बाळ एवढे मोठे केव्हा होणार, हे ती घरी येऊन विचारू लागली. आई झोपलेली असताना घरात शांतता राहणे हा याचा दुसरा फायदा, आणि तो कमी नव्हे.

असे काम घेऊ पाहणाऱ्या आजोबांनी शाळेची वेळ, डब्यात काय चालते आणि रिक्षावाल्या काकांचा फोन क्रमांक हे मुलाकडून आधीच लिहून घ्यावे. रात्रभर जागलेल्या बाळंतिणीला सकाळी सात वाजता वॉटरबॅग कुठे आहे म्हणून उठवू नये.