आवक येते, भाव येत नाही: कोटलिनमध्ये पार्सिंगचा घोळ

पऱ्हाटीवाला, दारव्हा
भाऊ लोकहो, आमच्याकडच्या शेतकऱ्यांसाठी बाजारभावाचं छोटं ॲन्ड्रॉइड ॲप कोटलिन भाषेत करून राहिलो. तूर, सोयाबीन, कापूस, सगळं एका शीटमधून जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) होऊन येते. शीट भरणारा गडी कधी इंग्रजी आकडे टाकते, कधी मराठी. आता पाहा, आवक '४२०' मराठीत असली तरी टू-इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) मुकाट्यानं घेते, अन् भाव '७२५०' मराठीत आला की टू-डबल (दशांश आकडा करणारं) नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन, म्हणजे 'हा आकडा नाही' अशी चूक, फेकते. असं काऊन? सध्या एकेक ओळ वाचणाऱ्या पूर्ण लूपले एकच ट्राय-कॅच (चूक पकडणारा कोड) लावला. ॲप पडत नाही, पण यादीच कोरी. लोक विचारतात, आज मार्केट बंद हाय काय?

वणीकर
जावाचंच तसं हाय. पूर्णांक वाचताना ती कॅरेक्टर-डिजिटले (अक्षराचा आकडा सांगणारं फंक्शन) विचारते, अन् त्याले देवनागरी आकडे कळतात. डबलवाल्या कोडले फक्त इंग्रजी समजतात. तुम्ही भावाचं एकेक अक्षर त्याच कॅरेक्टर-डिजिटमधून काढा. उणे एक आलं तर अक्षर तसंच ठेवा, नाहीतर दशांशाचं टिंब जाईल. स्वल्पविराम उडवा, मग टू-डबल-ऑर-नल, म्हणजे जमलं तर आकडा, नाहीतर नल (रिकामं). अन् ट्राय-कॅच लूपच्या आत घ्या. एक बोंड किडलं म्हणून कोणी अख्खी पऱ्हाटी उपटते काय?

कोडमास्तर
एवढं कशाले? नल आलं की शून्य टाका, विषय संपला.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
नाही जमत मास्तर. शून्य दिसला तर लोक ॲपच काढून टाकतील. जुना भाव तारखेशिवाय दाखवला तर त्याहून वाईट, कोणी त्याच्यावर भरवसा ठेवून गाडी भरन. 'भाव आला नाही' असंच लिहितो. पण '७१००-७४००' अशी ओळ आली तर?

वणीकर
मधला आकडा काढायच्या फंदात पडू नका. किमान अन् कमाल वेगळ्या रकान्यात भरायले सांगा, तोवर नल. लॉगमध्ये (ॲपच्या नोंदीत) ओळ क्रमांक अन् कच्चा मजकूर पाहिजेच. आणखी एक, कोरुटिनमध्ये (मागं चालणारं काम) सरसकट एक्सेप्शन पकडाल तर 'काम थांबवा' सांगणारं कॅन्सलेशन-एक्सेप्शनही त्यातच गिळल्या जाते. मंग ॲपमधली ती स्क्रीन बंद केली तरी काम चालूच. नंबर-फॉरमॅट अन् जेसन-एक्सेप्शन, हे दोनच नावानं पकडा.

पऱ्हाटीवाला, दारव्हा
लावलं, यादी आली. ज्या ओळी गळल्या त्या लॉगात पाहिल्या, तर भाव '६९००/-' असा. गडी अडत्याच्या चिठ्ठीवरून जसंच्या तसं उतरवते वाटते. त्या '/-' चंही रिप्लेस टाकतो.