शनिवार-रविवारी टिपलेली छायाचित्रे पाठमोरीच का येतात?

रानवाट (प्रश्न):

नमस्कार. गेले सहा महिने मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी किंवा रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडते. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान आकाराच्या संवेदकाचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. तळ्याचे काठ, माळ, नदीपात्र, शेतांचे बांध अशा चौदा-पंधरा जागा आजवर पालथ्या घातल्या, परंतु हाती आलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेकांत पक्षी उडून जाताना, पाठमोरा किंवा फांदीआड अर्धा लपलेला दिसतो. ६०० मिमीपर्यंतची लेन्स घेतल्याने हे बदलेल का, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट मनाला अधिक लागली आहे. मागच्या रविवारी दहाच्या सुमारास माळावर टिटवीच्या एका जोडीने मला जवळजवळ अर्धा तास सोडले नाही. एक डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती, तर दुसरी थोड्या अंतरावर पंख लोळवत जमिनीवर सरपटत होती. पक्षी प्रथमच इतका जवळ आल्याच्या आनंदात मी छायाचित्रे काढत राहिले. घरी येऊन ती मोठी करून पाहिली, तेव्हा एका चौकटीत खड्यांच्या मधोमध, खड्यांसारखीच दिसणारी, काळपट ठिपक्यांची चार अंडी दिसली. माझ्यामुळे त्यांचे नुकसान झाले असेल का? अशा वेळी काय करायला हवे होते?

पाणवठा:

लेन्सचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. सहा महिन्यांत पंधरा जागा पाहिल्या, याचा अर्थ प्रत्येक जागी आपण सरासरी एक-दोनदाच गेलात आणि तेथील पक्ष्यांची दिनचर्या कळण्याआधीच जागा बदललीत. एखादे लहानसे तळे किंवा पाचशे पावलांचा बांध निवडावा आणि पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला तेथेच जावे. पहिल्या दोन खेपांना तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

वेड्या राघूचे उदाहरण घ्या. तो तारेवरून किंवा निष्पर्ण फांदीवरून झेपावतो, हवेतच किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच बैठकीवर परत येतो. मधमाशी असेल तर ती फांदीवर आपटून आणि घासून तिची नांगी काढतो, मग वर उडवून गिळतो. म्हणजे त्याच्या मागे धावण्याचे कारणच उरत नाही. सूर्य आपल्या पाठीशी येईल अशा बाजूला, बैठकीपासून सुरुवातीला पंचवीस-तीस पावलांवर, बसून राहावे. तो पिसे साफ करू लागला किंवा शिकार करत राहिला, तर त्याला आपली भीती वाटेनाशी झाली आहे असे समजावे आणि बसल्या-बसल्याच थोडे पुढे सरकावे. मान ताठ करून तो एकटक आपल्याकडे पाहू लागला, तर तेथेच थांबावे, गरज वाटल्यास मागे यावे. झेप घेण्यापूर्वी तो अंग पुढे झुकवतो, पुष्कळदा शीटही टाकतो. ही खूण ओळखता आली की उड्डाणाचा क्षण सापडतो.

अंतर निम्मे झाले की पक्षी चौकटीत दुप्पट मोठा दिसतो. ३०० मिमीवरून ६०० मिमीवर जाऊन मिळते तेवढेच हे आहे, आणि पक्षी स्वतःहून आपल्याजवळ आला असेल तर त्याचा चेहरा आपल्याकडे असतो. आपण त्याच्याकडे चालत गेलो की तो पाठ फिरवणारच. कपडे मात्र मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत.

माळटिटवी:

टिटवीबद्दल लिहितो, कारण गेली अनेक वर्षे मी याच पक्ष्याकडे पाहत आलो आहे. आपण वर्णन केलेल्या दोन्ही हालचाली घरट्याशी संबंधित आहेत. डोक्यावरून ओरडत फिरणारी टिटवी आपल्याला हाकलत होती, तर पंख लोळवणारी जखमी असल्याचे भासवून आपले लक्ष अंड्यांवरून दूर नेत होती. टिटवी घरटे असे काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून त्यात साधारणपणे चार अंडी घालते, आणि त्या अंड्यांचा रंग हेच त्यांचे संरक्षण असते.

दहा वाजताच्या उन्हात खरा धोका तापण्याचा असतो. त्या वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी, आणि कडक उन्हाळ्यात तर पाण्यात पोटाची पिसे भिजवून येऊन अंडी गार ठेवते. आपण उभ्या असलेला अर्धा तास तिला हे काहीच करता आले नाही. शिवाय तिची धावपळ पाहून कावळ्यांना घरट्याचा सुगावा लागतो, ते निराळेच. नुकसान झालेच असेल असे मी म्हणणार नाही. जोडपी सहसा परत येतात. मात्र खात्री करून घेण्यासाठी पुन्हा तेथे जाऊ नये, कारण तीच भेट जास्त महागात पडू शकते.

पुढे कधी जमिनीवरचा पक्षी असा अंगावर येऊ लागला, तर आधी पायाखाली पाहावे, आलेल्या पावलांवरच मागे फिरावे आणि पक्षी शांत होईपर्यंत लांब जावे. पिल्लांच्या बाबतीतही हेच लागू आहे. अंड्यातून निघाल्यावर ती लवकरच चालू लागतात आणि धोका जाणवला की जमिनीला चिकटून निश्चल होतात, त्यामुळे पाय पडण्याची भीती असते. आपण हा प्रसंग उघडपणे मांडलात, याबद्दल मनापासून आभार.

टाचणी:

पाणवठा यांच्या मताशी एका बाबतीत मी सहमत नाही. बहुतेक पक्ष्यांची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सरस असते, अतिनील किरणही अनेकांना दिसतात, त्यामुळे केवळ मातकट कपड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. ते बिचकतात ते हालचालीला आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या उभ्या आकृतीला. झुडपाला पाठ लावून खाली बसणे हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि छायाचित्रही पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून येते.

आपल्याच लेन्सवर काय करावे, तेही सांगते. बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद उघडले तरी पुरते. झेपेसाठी १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) आपोआप ठरू द्यावा आणि हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारी सलग फोकसची सोय वापरावी. आयएसओ वाढून थोडे कण आलेले चित्र सुधारता येते, हललेले येत नाही. बगळ्यासारखा पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल, तर एक्स्पोजर (चित्रावर पडू द्यायचा प्रकाश) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), नाहीतर पिसांचा तपशील पांढऱ्या डागात हरवतो.

आणि दहा वाजता परतण्याची घाई करू नये, कारण ती तर चतुर या कीटकांची वेळ! नर चतुर तळ्याकाठच्या एकाच काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. ऊन फार चढले की काही जातींचे चतुर पोटाचे टोक सरळ सूर्याकडे उभारतात, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडते. ओल्या मातीवर क्षार शोषणारी फुलपाखरे, जी बहुतेक नरच असतात, इतकी गुंग असतात की ३०० मिमीच्या लेन्सला तिच्या किमान फोकस-अंतरावरून सहज मिळतात. कॅमेरा मिटलेल्या पंखांना समांतर धरावा आणि लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ च्या आसपास ठेवावे, म्हणजे संपूर्ण पंख सुस्पष्ट येतो.

रानवाट:

तिघांचेही आभार. त्या माळाकडे मी गेले नाही. या शनिवारी एका लहान तळ्याकाठी घाणेरीच्या झुडपाला टेकून दोन तास बसले. पहिला तासभर काहीच घडले नाही. मग एक खंड्या समोरच्या खुंटावर येऊन बसला, पाण्यात सूर मारून मासा घेऊन आला, तो दोन्ही बाजूंना आपटला आणि डोक्याकडून गिळला. माझ्याकडे तोंड केलेली अकरा छायाचित्रे मिळाली. एक शंका उरली आहे: टिटवीचे अंड्यांसह आलेले छायाचित्र नोंद म्हणून कोठे द्यावे का?

माळटिटवी:

निदान हा विणीचा हंगाम संपेपर्यंत ते स्वतःजवळच ठेवावे. पक्ष्याची नोंद अवश्य करावी. २००२ साली सुरू झालेल्या ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ, चाललेले अंतर आणि दिसलेल्या सर्व जातींची संख्या दिली, तर रोजच्या पक्ष्यांची यादीसुद्धा अभ्यासकांना उपयोगी पडते. कीटकांसाठी आयनॅचरलिस्ट हे जीवनोंदींचे संकेतस्थळ सोयीचे आहे आणि तेथे नेमके ठिकाण झाकण्याची सोय आहे. संकटग्रस्त जातींच्या बाबतीत ते आपोआपच झाकले जाते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, तेवढे पाठवण्यापूर्वी काढून टाकावे. खंड्याची छायाचित्रे मात्र येथे जरूर द्यावीत.