बीएडच्या दोन वर्षांत नक्की काय शिकवतात? वर्गात उपयोग होतो का?

डोंबिवलीची_केमिस्ट्री:
नमस्कार, माझं केमिस्ट्रीत बीएससी झालंय आणि दीड वर्ष इथल्याच एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला सायन्स शिकवतेय. मुलांना आवडतं माझं शिकवणं. आता बीएडची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायचा विचार आहे पण आई म्हणते शिकवतेसच की, मग अजून दोन वर्षं कशाला? पूर्वी एका वर्षात व्हायचं ना? ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा, नुसत्या फायली आणि तक्तेच असतात का? प्रायमरीला पण चालतं का ते?

फलकलेखन:
हो, 2015 च्या बॅचपासून दोन वर्षांचं झालं, आणि वाढलेला बराचसा वेळ इंटर्नशिपला, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवण्याला, गेलाय. मी चर्चगेटला केलं, आता नववी-दहावीला गणित शिकवतो. मी पण आधी क्लासमध्येच शिकवायचो आणि वाटायचं आपल्याला येतं. मग सूक्ष्म अध्यापन सुरू झालं. सहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच आठ-दहा मित्र विद्यार्थी बनून बसलेले, आणि एका वेळी एकच कौशल्य, म्हणजे आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फळ्यावर लिहिणं. पाठ झाला की लगेच सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटांत टाचण, म्हणजे पाठाचा लिहिलेला आराखडा, सुधारायचं, आणि तोच पाठ परत. माझ्या पहिल्या पाठात मॅडमनी मागे बसून मोजलं, मी सहा मिनिटांत अकरा वेळा 'समजलं का?' म्हणालो. त्या एवढंच म्हणाल्या, यावर मूल 'हो' सोडून काय म्हणणार? तेव्हापासून मी तसं विचारत नाही, मुलाला उदाहरण करायला लावतो आणि कुठे अडतंय ते बघतो. क्लासमध्ये हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिथे मागे बसून बघणारं कोणी नव्हतंच.

कुर्ला_लोकल:
मी आत्ता सेकंड इयरला आहे. इंटर्नशिप एकूण 20 आठवडे, त्यातले 16 या वर्षी, मला मराठी माध्यमाची महापालिकेची शाळा मिळालीय. ताई, क्लासला येतात ती फी भरून आलेली मुलं गं, इथे एका बाकावर चौथीचंही वाचन कच्चं असलेला मुलगा आणि शेजारी पुढचा धडा घरी वाचून आलेली मुलगी. आम्ल-आम्लारीचा पाठ होता, टाचणात लिटमसने, म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणाऱ्या कागदाने, सुरुवात लिहिलेली पण अर्ध्या वर्गाला तो शब्दच परका, मग दुसऱ्या दिवशी हळद लावलेला कागद आणि साबणाचं पाणी नेलं. कागद लाल झाल्यावर शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, आमच्या आईच्या साडीवर हळदीचा डाग असाच होतो धुताना. तिथून पुढचा पाठ त्यानेच चालवला. फायली आहेत, खूप आहेत, रात्री दोन-दोन वाजतात आणि त्यातल्या काही खरंच नकोत. पण पाठाचं टाचण मनापासून लिहिलं तर कामाला येतं.

पार्ल्याची_मावशी:
बाळा, प्रायमरीचं मी सांगते. 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, त्याला डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका, लागते. सहावी ते आठवीला बीएड चालतं पण टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर हवा, खुल्या गटाला 150 पैकी 90. आणि कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नकोस, तिथल्या मुलांना गाठून विचार की सराव पाठाला सर-मॅडम पूर्ण तास मागे बसतात की सही करून जातात. माझ्या वेळी आमच्या कॉलेजात सहीच व्हायची, नोकरीची पहिली दोन वर्षं मी वर्गातच चुकत शिकले आणि ती मुलं मला अजून आठवतात.

डोंबिवलीची_केमिस्ट्री:
मावशी, सगळ्यांनाच थँक्यू. 'समजलं का' मी पण म्हणते, आज क्लासला जाताना ट्रेनमध्ये तेच डोक्यात होतं. आईला हळदीचं वाचून दाखवलं, ती म्हणाली फॉर्म भर. @कुर्ला_लोकल, हळदीचा कागद पाठाआधीच वाळवून नेला होता की मुलांसमोर केला?

कुर्ला_लोकल:
आदल्या रात्री. गाळणीचा कागद घे, वहीचा घेतला तर डाग नीट दिसत नाही.